लोणी वगळून मुंबई

व्हीगन विद्यार्थी हा पुण्यातल्या वसतिगृहांत आणि चौघांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटांत अलीकडे आढळणारा प्राणी असून, दुसऱ्या कोणत्याही प्राण्याकडून तो काहीही घेत नाही. मांस, मासे, अंडी तो खात नाही, इथवर महाराष्ट्राला त्याचे विशेष वाटत नाही. तशी माणसे प्रत्येक पेठेत पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पण दूध, दही, ताक, लोणी, तूप, पनीर, खवा आणि मध हेही तो घेत नाही म्हटल्यावर समोरचा माणूस हातातला घास खाली ठेवतो. इंग्लंडमध्ये डोनल्ड वॉटसन आणि त्याच्या सोबत्यांनी या पंथाची संस्था काढली ती 1944 साली. तेव्हा महायुद्ध चालू होते आणि तिथे लोणी रेशनवर मिळत होते. त्यामुळे ते न खाणाऱ्याचा शेजाऱ्यांना रागही येत नसावा. भारतात लोणी रेशनवर नाही. हा देश जगात सर्वांत जास्त दूध काढतो आणि त्यातले निदान एक पेलाभर आपण पाहुण्याला पाजलेच पाहिजे, असे इथल्या प्रत्येक घराला वाटते.

न खाण्याला मराठी समाजाचा विरोध आहे असे मात्र नाही. उलट न खाण्याचे जेवढे प्रकार या समाजाने शोधले तेवढे खाण्याचेही शोधले नसतील. संकष्टी आहे, एकादशी आहे, श्रावणी सोमवार आहे, चातुर्मासात कांदा-लसूण-वांगे वर्ज्य आहे, गुरुवारी नॉनव्हेज न खाणारे आहेत आणि शनिवारी उपास करून रविवारी त्याची भरपाई करणारेही आहेत. मुंबईत पावभाजीच्या साध्या गाडीवरसुद्धा ‘जैन’ म्हटले की बटाट्याऐवजी कच्ची केळी कुस्करून भाजी तयार होते आणि कोणी कपाळाला आठी घालत नाही. पण या सगळ्या वर्ज्यांच्या मागे देव, डॉक्टर किंवा तिथी यांपैकी कोणीतरी एक उभा असतो. व्हीगनाच्या मागे तिघांपैकी कोणीच नाही. त्याच्यापाशी असते ते तत्त्व: वासराच्या वाटणीचे दूध आपण का प्यावे? प्रश्न बिनतोड आहे, पण तो चहाच्या टपरीवर विचारण्याजोगा नाही. शिवाय उपास दुसऱ्या दिवशी सोडता येतो, श्रावण महिन्याभरात संपतो. व्हीगनाला पारणे नाही. म्हणून मुरलेला व्हीगन प्रवासात तत्त्व पिशवीत ठेवतो आणि “दुधाची ॲलर्जी आहे” एवढेच सांगतो. ॲलर्जी म्हटल्यावर वेटर गंभीर होऊन आत विचारायला जातो. तत्त्व म्हटल्यावर तो गल्ल्यावरच्या मालकाकडे बघतो.

सरकारने या माणसाची दखल घेतली आहे, हेही नोंदवले पाहिजे. पाकिटावरचा हिरवा ठिपका शाकाहाराचा. पण त्यात दूध आणि मध दोन्ही बसतात, त्यामुळे व्हीगनाला तो ठिपका नुसता हिरवा दिसतो. विद्यार्थ्यांचे खरे अन्न जे पार्ले-जी, त्याच्याही पुड्यावर मागच्या बाजूला घटकांच्या यादीत दूध आहे. 2021 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने व्हीगन पदार्थांसाठी वेगळे चिन्ह जाहीर केले, चौकोनात इंग्रजी व्ही आणि त्याच्या टोकाला पान, आणि 2022 मध्ये त्याचे नियमही आले. हे चिन्ह असलेली वस्तू शोधायची तर ओट किंवा बदामाच्या दुधाच्या खोक्यावर सापडते. ते लिटरला अडीचशे-तीनशेच्या घरात असते, आणि तेवढ्या पैशांत विद्यार्थी पुण्याहून मुंबईला जाऊन परत येतो.

तसा तो जातोच. सहामाही परीक्षा संपली की पाचजणांचा ग्रुप होतो, त्या ग्रुपचा आणखी एक व्हॉट्सॲप ग्रुप होतो आणि गोव्याचा प्लॅन आठवड्याभर चर्चा होऊन मुंबईवर येऊन थांबतो. गोवा ते मुंबई ही घसरण पैशांमुळे होते. त्यात दुःख करण्यासारखे काही नाही. डोंबिवलीत एकाची मावशी असते, म्हणजे राहण्याचा खर्च शून्य. लोकलचे दुसऱ्या वर्गाचे किमान तिकीट 5 रुपये आहे. बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे मे 2025 मध्ये दुप्पट झाले तरी ते 10 रुपयेच आहे आणि वातानुकूलित बसचे 12. समुद्र फुकट, गेटवे बाहेरून फुकट, मरीन ड्राइव्हचा कट्टा फुकट. उरला खर्च खाण्याचा. तिथे कॉन्ट्री, म्हणजे सगळ्यांनी सारखे पैसे, काढायची की टीटीएमएम, म्हणजे ‘तुझं तू माझं मी’ करायचे, हा प्रश्न निघतो आणि “बघू रे तिकडे गेल्यावर” असे म्हणून तो सोडून दिला जातो. व्हीगनाचे आर्थिक नुकसान या वाक्यापासून सुरू होते.

पुण्याहून मुंबईला जायला सकाळी गाड्यांची रांगच आहे. 1 जून 1930 रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनने जावे, असे पाचांपैकी एकाला डायनिंग कारसाठी वाटते. सहाच्या सुमाराच्या सिंहगडने जावे, असे मुंबईत लवकर पोहोचण्यासाठी दुसऱ्याला वाटते. आणि ज्या गाडीत तिकीट मिळते तिने सगळे जातात. डेक्कन क्वीनमध्ये ऑम्लेट आणि चीज टोस्ट यांची परंपरा आहे. व्हीगनाच्या दृष्टीने ती एका बशीत दोन गुन्हे अशी परंपरा आहे. त्याने घरून आणलेला डबा लोणावळ्याच्या आधीच उघडला जातो. त्यात पोळी आणि शेंगदाण्याची चटणी असते आणि ती संपवायला बाकीचे चौघे मदत करतात. व्हीगनाचा डबा शेजाऱ्याला कधीच वर्ज्य नसतो, ही या पथ्याची मोठी उणीव आहे. चहावाला येतो तेव्हा सगळ्यांचे हात पुढे होतात. व्हीगन “काळा आहे का?” असे विचारतो. चहावाला काही न बोलता पुढच्या डब्यात जातो.

मुंबईत उतरल्यावर परिस्थिती एकदम सुधारते, आणि ती वडापावामुळे. उकडलेला बटाटा, आले-मिरची, बेसनाचे आवरण, तळणीचे तेल, लसूण-खोबऱ्याची सुकी चटणी आणि पाव: या यादीत प्राण्याचे काही नाही. कोणी मुद्दाम व्हीगनासाठी तो शोधला नाही. 1966 मध्ये दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो प्रथम विकला असे सांगतात, आणि गिऱ्हाईक होते घाईत असलेले, खिशात फार पैसे नसलेले लोक. लोणी परवडले असते तर तेही घातले असते. स्वस्त ठेवायचे म्हणून दूध-लोण्याला फाटा मिळाला आणि साठ वर्षांनी त्याचा लाभ तत्त्वनिष्ठाला होतो आहे. या शहरातल्या खाण्याचा हिशोब असा आहे की पदार्थ जितका स्वस्त तितका तो व्हीगन असण्याचा संभव अधिक, आणि दर जसा चढतो तसे वर चीज किसले जाते. गमतीचा भाग असा की लोण्याच्या जाहिरातीतली ती ठिपक्यांच्या झग्यातली अमूलची मुलगीही 1966 चीच. व्हीगनाचा सखा आणि त्याची वैरीण एकाच वर्षी जन्मले, आणि आता दोघे एकाच गाडीवर नांदतात. ‘बटर वडापाव’ नावाचा प्रकार निघाला आहे. गाडीपाशी उभे राहून “दादा, पाव तसाच द्या, भाजू नका” एवढे म्हणावे लागते. पावात दूध पडले आहे का, हा प्रश्न काही कडवे लोक बेकरीपर्यंत नेतात. पाचजणांच्या ग्रुपला तोवर लोकल पकडायची असते.

पुढचा मुक्काम इराण्याचा, कारण मुंबईला जाऊन इराण्याकडे न जाणे चौघांना पटत नाही. धोबी तलावाजवळचे कयानी 1904 पासून चालू आहे, बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया 1923 पासून. उंच छत, काळ्या लाकडाच्या वाकवलेल्या खुर्च्या, संगमरवरी टेबले, आरसे. बसायला ही जागा कोणत्याही आहाराच्या माणसाला उत्तम. यादी वाचू लागले की मात्र बनमस्का, ब्रूनमस्का, मावा केक, अकुरी, खिमा, कॅरमल कस्टर्ड अशी प्राणिसृष्टी पुढे येते. व्हीगन ब्रूनपाव मागवतो, मस्का वगळून. ब्रूनचे कवच मुळातच कडक असते आणि ते लोण्याने व चहाने मऊ व्हावे या हिशोबानेच भाजलेले असते. लोणी नाही आणि इराण्याच्या चहात दूध दाट, अशा स्थितीत तो पाव दातांवर सोपवावा लागतो. चौघांचे दोन-दोन चहा होईपर्यंत व्हीगनाचा पाव चाललेला असतो. तेव्हा स्वस्तात जास्त वेळ बसायला मिळणे हाच हेतू असेल, तर त्याच्याइतका फायदा कोणाचाच होत नाही.

माटुंग्याला तो खरा रमतो. तिथल्या उडप्यांकडे इडली आहे, मेदुवडा आहे, सांबार आहे आणि ही तिन्ही साधारणपणे दुधाविना बनतात. सावधगिरी बाळगायची ती कडेकडेने. साध्या डोशावर तूप फिरते, मैसूर मसाल्यावर लोण्याचा गोळा विरघळतो, उपम्याला आणि पोंगलला तुपाची फोडणी असते, खोबऱ्याच्या चटणीत दही असू शकते. “अण्णा, तेलावर” हे दोन शब्द माटुंग्यात पुरतात. रामा नायक यांच्या 1942 पासूनच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर भात वाढतात. तिथे तूप वाढणाऱ्याच्या हाताला वेग फार असतो, म्हणून पानावर दोन्ही हात आडवे धरून बसणे इष्ट. फिल्टर कॉफीचा वाटी-पेला दुसऱ्यांपुढे आला की व्हीगन नुसता वास घेतो. वासाबाबत पंथाचे नियम मौन बाळगून आहेत.

आता एक विपरीत गोष्ट. व्हीगनाला घेऊन हॉटेल शोधताना मित्र पाटीवर ‘शुद्ध शाकाहारी’ वाचून सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि नेमकी तिथेच त्याची सर्वांत जास्त उपासमार होते. पनीर बटर मसाला, मलई कोफ्ता, दाल मखनी, काजू करीत साय, नानमध्ये दही, जिरा राइसला तूप, शेवटी ताक. मांसाची उणीव भरून काढायची म्हणून शाकाहारी स्वयंपाक्याने जे काही केले, ते गाई-म्हशींच्या जिवावर केले. त्याच गल्लीत मालवणी खानावळ असते. पाटीवर सुरमई रंगवलेली असते म्हणून व्हीगनाला तिकडे नेत नाहीत. वास्तविक कोकणी स्वयंपाकात मासा आणि दूध एकत्र येणे पूर्वापार निषिद्ध, म्हणून तिथली सगळी मदार नारळावर. सोलकढी म्हणजे नारळाचे दूध आणि आमसूल. काळ्या वाटाण्याचे सांबार, आंबोळी, तांदळाची भाकरी, मुळ्याची किंवा लाल माठाची भाजी: बिनदुधाचे अख्खे जेवण मिळते, फक्त ते तळलेल्या बांगड्याच्या शेजारी बसून खावे लागते. प्राण्यांवरच्या प्रेमापायी दूध सोडलेल्याला पोटभर जेवायला माशांच्या खानावळीत जावे लागते, हे ऐकून मित्रांना अपार आनंद होतो. खानावळीच्या मालकिणीला त्यात नवल वाटत नाही. “मासे नको? बरं, मग वाटाणे जास्त घाल रे त्याला,” एवढेच ती आत सांगते. नेम देवाधर्माचा असो वा तत्त्वाचा, तिच्या लेखी तो एक नॉनव्हेज न खाण्याचा वार आहे.

जेवणानंतर स्थलदर्शन. याच्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर फोटो काढतात, गेटवेसमोर काढतात, घारापुरीच्या लाँचचे भाडे विचारतात आणि बेस्टच्या बसमध्ये बसतात. एक ठिकाण मात्र विषयाला धरून आहे. गावदेवीतले मणिभवन बघायला फारसे पैसे लागत नाहीत, म्हणून बजेटवाल्यांच्या यादीत ते वर असते. 1917 ते 1934 या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे उतरत. व्हीगन इथे मित्रांना ऐकवतो की गांधीजींनी 1912 मध्ये दक्षिण आफ्रिकेत दूध सोडले होते. हे खरे आहे, आणि तो इथेच थांबला असता तर बरे झाले असते. कारण ग्रुपमधला स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा सदस्य पुढचा भाग सांगतो. 1918 मध्ये गांधीजींना मोठे आजारपण आले, प्रकृती सुधारेना, मुंबईत डॉक्टर दलालांनी दूध घेतल्याशिवाय अंगात ताकद येणार नाही असे बजावले. गांधीजींनी व्रताचे कारण सांगितले. तेव्हा जवळ असलेल्या कस्तुरबांनी सुचवले की व्रत गाई-म्हशीच्या दुधाचे आहे, शेळीच्या दुधाला काय हरकत? तेव्हापासून गांधीजी शेळीचे दूध घेऊ लागले. व्रताचे शब्द पाळले पण हेतू मोडला, ही टोचणी त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने नोंदवली आहे. पण ग्रुप तिथवर ऐकत नाही. “बघ, म्हणजे शेळी चालते,” असा निकाल जिन्यातच लागतो आणि उरलेली सहल ‘शेळी आणू का?’ या एकाच विनोदावर काढली जाते. तो दर वेळी तितकाच नवा वाटतो, विनोद करणाऱ्याला.

संध्याकाळ गिरगाव चौपाटीवर. इथली भेळ, शेवपुरी, पाणीपुरी, रगडा पॅटिस ही सगळी व्हीगनाची हक्काची माणसे: कुरमुरे, शेव, बटाटा, चिंच-खजूर, कोथिंबीर-मिरची. दहीपुरी तेवढी परकी. कुल्फीवाल्याकडे पाठ करून बर्फाच्या गोळ्याकडे वळावे. कालाखट्टात दूध नाही, आणि ओठ जांभळे झाल्यावर कोणी आहाराविषयी प्रश्नही विचारत नाही. कणीसही निखाऱ्यावर भाजून लिंबू-मीठ-तिखट चोळलेले घ्यावे, लोण्यात लोळवलेले नव्हे. इथवर सगळे ठीक असते. मग कोणीतरी पावभाजीचे नाव काढतो.

पावभाजी हा भाज्यांचा पदार्थ आहे असा एक गैरसमज आहे. तव्यावर आधी लोण्याचा तुकडा पडतो, मग भाजी, मध्ये लोणी, वर लोणी, आणि पाव लोण्यात. “बटर मत डालना” असे निक्षून सांगितल्यावर गाडीवाला मान डोलावतो, भाजी कुस्करतो, ताट पुढे करतो आणि समाधानाने सांगतो, “नहीं डाला, सिर्फ तवे पे लगाया.” त्याच्या परीने तो खरे बोलत असतो. तव्याने आयुष्यात जेवढे लोणी प्यायले आहे ते उतरवणे त्याच्याही हातात नाही. व्हीगनाच्या वाट्याला न भाजलेले दोन पाव, चिरलेला कांदा आणि लिंबाची फोड येते.

इथे अंकगणिताचे एक उदाहरण सोडवून दाखवणे उपयुक्त ठरेल. चार जणांनी चीज पावभाजी खाल्ली, मसाला पाव मागवले, वर फालुदा घेतला. एकाने पाव, कांदा आणि पाण्याची बाटली घेतली. बिल साडेबाराशे. “सोपं आहे, पाचाने भाग,” असे ग्रुपमधला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणतो. प्रत्येकी अडीचशे. व्हीगनाने खाल्ले पन्नासचे आणि दिले अडीचशे, म्हणजे दोनशे रुपयांचे लोणी त्याने खरेदी केले आणि मित्रांना वाटले. दुग्धव्यवसायाला त्याचा तत्त्वतः विरोध असताना त्या रात्रीचा तो त्या व्यवसायाचा एक आश्रयदाता ठरतो. हे बोलून दाखवले तर “एवढ्यातेवढ्याचा काय हिशोब करतोस” असे उत्तर मिळते. ज्याचे ताट भरलेले असते तोच हे बोलतो, असे सर्वत्र आढळते.

रात्री डोंबिवली. मावशीकडे ही मंडळी साडेदहाला पोहोचतात आणि स्वयंपाक तयार असतो. मावशीला फोनवर आधी कळवलेले असते की एकजण ‘दूध वगैरे’ खात नाही. ‘वगैरे’त काय काय येते हे कोणी सांगितलेले नसते. तिने त्याच्यासाठी म्हणून खास खीर टाळून शिरा केलेला असतो, साजूक तुपातला. पुढचा संवाद घरोघरी जवळजवळ एकसारखा होतो.

“तूप म्हणजे काय दूध आहे का, बाळा?”

“नाही मावशी, पण दुधाचंच ना ते.”

“बरं, ताक घे मग. ताकात काही राहत नाही.”

“नको, खरंच नको.”

“सकाळी चहा तरी घेशील की नाही? त्यात कुठं एवढं दूध असतं, रंगापुरतं तर घालतो आपण.”

मावशी चिडलेली नसते. ती घाबरलेली असते. परक्याच्या मुलाला आपल्या घरी उपाशी झोपावे लागले तर त्याच्या आईला काय सांगायचे, हा तिचा प्रश्न असतो, आणि तिला माया व्यक्त करायला घरात जी साधने आहेत ती सगळी दुभत्याच्या कपाटात आहेत. शेवटी ती “मग खातोस तरी काय तू?” असे विचारते. त्याला जे जे आवडते ते त्या रात्री ओट्यावर मागच्या बाजूला झाकून ठेवलेले असते, पाहुण्यांना काय द्यायचे म्हणून: दुपारचे वांग्याचे भरीत, तेलातली मटकीची उसळ, ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा. ते सारे बाहेर येते. चौघे शिरा खात असताना पाचवा भाकरी-ठेचा खातो, आणि थोड्या वेळाने ते चौघेही त्याच्या ताटात हात घालतात. मावशीच्या मनात मात्र खंत राहतेच की मुलाला आपण शिळे वाढले.

दुसरा दिवस दादरचा. इथल्या आस्वाद हॉटेलच्या मिसळीला 2015 मध्ये लंडनच्या फूडीहब पुरस्कारांत जगातला सर्वांत चवदार शाकाहारी पदार्थ म्हणून मान मिळाला होता. मिसळ दही बाजूला ठेवले की पूर्णपणे व्हीगनाची होते. साबुदाणावडा चालतो, त्याच्यासोबतची दह्यातली चटणी नाही. पियूषचा तर प्रश्नच नाही, ते श्रीखंड-ताकाचे अपत्य आहे. काजूकतली हाही दबा धरून बसलेला पदार्थ. काजू आणि साखर म्हणून हात पुढे होतो, पण वर चांदीचा वर्ख असतो आणि तो पूर्वी जनावरांच्या आतड्याच्या पापुद्र्यांत ठोकून पातळ करत. 2016 मध्ये त्या पद्धतीवर बंदी आली. बंदीची माहिती व्हीगनाला असते, दुकानदाराला असतेच असे नाही, आणि हा खुलासा ऐकल्यावर मित्रांपैकी कोणीच काजूकतली घेत नाही. अशा रीतीने ग्रुपचे थोडे पैसे वाचतात. व्हीगनाने सहलीत केलेली ही सर्वांत मोठी बचत होय.

खरेदीत त्याला त्रास कमी. चामडे, रेशीम, लोकर वर्ज्य असल्याने कोल्हापुरी चप्पल गेली, सिल्कचा कुर्ता गेला. उरले ते सुती टीशर्ट, कॅनव्हासचे बूट आणि रेक्झिनचा पट्टा, म्हणजे विद्यार्थी एरवीही घेतो तेच. मॉलमध्ये हाच रेक्झिनचा पट्टा ‘व्हीगन’ अशी चिठ्ठी लावून दोन हजारांना मिळतो. फॅशन स्ट्रीटवर तो चिठ्ठीविना दीडशेला आणि घासाघीस जमली तर शंभराला. श्रीमंत व्हीगन होण्यापेक्षा गरीब व्हीगन होणे सगळ्या बाजूंनी सोयीचे आहे.

परतीच्या गाडीत नेण्यासाठी घरच्यांना खाऊ घ्यायचा असतो. चौघे मावा केक आणि आइस हलवा घेतात. व्हीगन लोणावळ्याची वाट पाहतो, कारण गूळ-शेंगदाण्याची चिक्की त्याला चालते, तूप नसल्याची खात्री करून घेतली की झाले. त्याआधी कर्जत येते. बोरघाट चढायला गाडीच्या मागे ढकलणारी इंजिने इथे जोडतात, आणि ती जोडेपर्यंत गाडी थांबते म्हणून इथला वडा प्रसिद्ध झाला. रेल्वेच्या चढावाने व्हीगनाची अशी सोय केलेली आहे. पाचही जण खिडकीतून वडापाव घेतात. सबंध सहलीत पाचांनी एकच पदार्थ, एकाच दराने खाल्ला आणि बिल पाचाने भागले तरी कोणावर अन्याय झाला नाही, असा हा दुर्मीळ प्रसंग.

घाट चढता चढता मोबाइलवर हिशोब मांडला जातो. व्हीगनाला चारशे-साडेचारशे रुपये येणे निघते. ते “पुढच्या ट्रिपमध्ये ॲडजस्ट करू” या सदरात जातात, आणि पुढची ट्रिप खंडाळा ओलांडण्याआधी ठरते: इंदूर. सराफ्याच्या रात्रीच्या बाजारात रबडी आहे, मावाबाटी आहे, तिथली शिकंजीसुद्धा लिंबाची नसून दुधाची असते आणि भुट्ट्याच्या किसातही दूध पडते. व्हीगनासाठी तिथे पोहे आहेत आणि गराडू आहे, कंदाच्या तळलेल्या फोडी, वर मसाला आणि लिंबू. मात्र गराडू फक्त थंडीत मिळतो. तेव्हा इंदूरला जाणाऱ्या व्हीगन विद्यार्थ्याने तारीख डिसेंबर-जानेवारीतली धरावी आणि टीटीएमएमचा निर्णय गाडी सुटण्यापूर्वी, ग्रुपवर लेखी घ्यावा.